तुंबलेलं नोझल : बोर्डो, मुळगावकर आणि अ‍ॅक्रिलिक

एअरब्रश ज्याने वापरलाय त्याला हा आवाज पाठ असणार. फुस्स... फुस्स... फट्. आणि मग नुसती हवा. कपात रंग भरलेला, काँप्रेसर घरघरतोय, ट्रिगर पार मागे ओढलाय, आणि टोकातून रंगाचा एक कण येईल तर शपथ! जरा जोर करावा तर एकदम मोठा शिंतोडा उडतो. तोही नेमका तिथे, जिथे तासभर खपून मास्किंग टेप चिकटवलेली असते.

ज्यांचा या प्रकाराशी संबंध आला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. एअरब्रश म्हणजे पेनाएवढी रंगाची पिचकारी. पुढे पाव-अर्ध्या मिलिमीटरच्या भोकाचं नोझल, त्यात टोकदार सुई, आणि मागून काँप्रेसरची हवा. मी विकांताला प्लॅस्टिकची विमानं जोडतो, खऱ्याच्या बहात्तरपट लहान. (हो, या वयात. हो, लग्नाच्या बायोडेटात लिहिलेलं नाही.) रंग पाण्यातले, अ‍ॅक्रिलिक. घरात रॉकेलसारखा वास नको म्हणून.

आता रंग तुंबू नये म्हणून काय करावं, याच्या याद्या पैशाला पासरी मिळतात. पातळ करा, गाळा, धुवा. पण का, ते कुणी सांगत नाही. आणि आमच्या धंद्यातल्या माणसाला 'बंद करून परत चालू करा' छापाची उत्तरं लोकांना द्यायची सवय असली, तरी स्वतःला ती पचत नाहीत. म्हणून या तुंबण्याचा इतिहास शोधायला बसलो. निम्मा सापडला अमेरिका-फ्रान्समध्ये आणि निम्मा आमच्या पारगावात, द्राक्षाच्या बागेत!

*

जुन्नर-आंबेगाव पट्ट्यात पारगाव म्हटलं की समोरचा लगेच विचारतो, "कुठलं?" एक पारगाव आंबेगाव तालुक्यात, भीमाशंकर साखर कारखान्याचं. दुसरं जुन्नर तालुक्यात, आळ्याकडचं. आमचं हे दुसरं. जुन्नर तालुका द्राक्षांचा, आणि द्राक्ष म्हटलं की फवारणी आलीच. आमच्या घरात नोझल या विषयावरचा अधिकारी माणूस म्हणजे माझे चुलते, तात्या.

द्राक्षावरचं जुनं आणि भरवशाचं औषध म्हणजे बोर्डो मिश्रण. एक टक्क्याचं करायचं तर एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना आणि शंभर लिटर पाणी. मोरचूद वेगळं भिजवायचं, चुना वेगळा विरवायचा, आणि दोन्ही प्लॅस्टिकच्या पिंपात एकत्र करायचं. लोखंडी भांडं चालत नाही. मग लोखंडी विळ्याचं पातं त्यात बुडवून बघायचं. पात्यावर तांबूस थर चढला तर मोरचूद जास्त झालंय, अजून चुना टाका.

या मिश्रणाची जन्मकथा मजेशीर आहे. १८७०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतून आलेल्या केवडा रोगाने (आमच्याकडे सगळे 'डाऊनी' म्हणतात) फ्रान्समधल्या द्राक्षबागा धरल्या. १८८२ साली बोर्दो विद्यापीठातले प्राध्यापक मियार्दे मेदॉक भागात फिरत असताना त्यांना दिसलं, की रोगाने बागा झडल्या असल्या तरी रस्त्याकडेच्या वेली मात्र हिरव्यागार आहेत. चौकशी केली तर कळलं, येणाऱ्याजाणाऱ्यांनी द्राक्षं चोरू नयेत म्हणून मालकांनी त्या वेलींवर मोरचूद आणि चुन्याचं निळसर पाणी शिंपडलं होतं. बघूनच खायची इच्छा होऊ नये म्हणून! मियार्देंनी प्रयोग केले आणि १८८५ मध्ये निष्कर्ष छापले. बोर्दो गावाचं ते बोर्डो.

पण सुरुवातीला हे शिंपडायचे कशाने? चक्क झाडूने. बादलीत बुडवायचा आणि वेलीवर झटकायचा. झाडू काही तुंबत नाही. मग व्हेर्मोरेल नावाच्या फ्रेंच कारखानदाराने पाठीवर घ्यायचा पंप बाजारात आणला, बारीक भोकातून फवारा उडू लागला, औषध वाचलं, पान सारखं भिजू लागलं... आणि नोझल तुंबू लागलं. कारण बोर्डोत काहीच पूर्ण विरघळलेलं नसतं. चुन्याचे आणि तांब्याच्या संयुगाचे बारीक कण पाण्यात तरंगत असतात. मिश्रण ठेवून दिलं की ते एकमेकांना चिकटून जाड होतात आणि तळाशी बसतात.

म्हणून तात्यांचे चार नियम. एक, फडक्यातून गाळल्याशिवाय टाकीत थेंब ओतायचा नाही. दोन, आज केलेलं आजच संपवायचं, उद्यावर ठेवायचं नाही. तीन, फवारणी झाली की एक टाकी नुसतं साधं पाणी मारायचं. आणि चौथा त्यांच्याच शब्दांत : "नोजल चोक झालं तर टाचणी घालायची नाय बरं का. भोक वाढतं. मग फवारा कसला, नुसती धार पडती." (पाचवा नियम माझ्याकडून : औषधाचं नोझल तोंडाने फुंकू नका. बोर्डो पोटात गेलेलं बरं नाही, आणि हल्लीची औषधं तर त्याहून वाईट.)

हे चार नियम जसेच्या तसे एअरब्रशला लागू पडतात. फरक एवढाच, की बोर्डोचे कण फक्त तळाशी बसतात. अ‍ॅक्रिलिकचे त्याहून पुढचं काहीतरी करतात. ते कळायला एअरब्रशची कुळकथा बघावी लागेल.

*

हवेने द्रव उडवायची कल्पना आपल्या घरात फार जुनी. डासांसाठीचा 'फ्लिट'चा पंप आठवा. हवा वेगाने नळीच्या तोंडावरून गेली की तिथला दाब कमी होतो, खालचं तेल वर ओढलं जातं आणि त्याचे तुषार होतात. एअरब्रश म्हणजे हेच, फक्त लगाम घातलेलं.

अमेरिकेत फ्रान्सिस स्टॅन्ली यांनी १८७६ मध्ये अशा रंगफवाऱ्याचं पेटंट घेतलं. तीन वर्षांनी आयोवा राज्यातल्या अब्नर पीलर या खटपट्या माणसाने वाकवलेला चमचा आणि शिवणयंत्राचे स्क्रू असल्या सटरफटर वस्तूंमधून आपलं यंत्र बनवलं. त्यात हवेच्या झोतावर फिरणारं चिमुकलं चाक होतं आणि त्याला जोडलेली, मागेपुढे हलणारी सुई. सुई रंगात बुडून यायची आणि झोत तिच्यावरचा रंग उडवून न्यायचा. लिबर्टी वॉकअप यांनी त्याचे हक्क विकत घेतले आणि 'एअर ब्रश' हे नाव रूढ झालं. उपयोग मुख्यतः फोटोंसाठी. तेव्हा मोठे केलेले फोटो फिकट यायचे, त्यात सावल्या भरायला हे हत्यार.

पुढे १८९३च्या सुमारास चार्ल्स बर्डिक यांनी सुई थेट नोझलच्या आत बसवली. सुई मागे सरकली की फट उघडते, पुढे आली की बंद. आज माझ्या हातातला एअरब्रश या घराण्यातला. रेघ केसाएवढी बारीक येऊ लागली, पण त्याबरोबर रंगाचा रस्ताही केसाएवढाच झाला. तुंबण्याची खरी सोय इथे झाली म्हणा ना!

तरीही त्या काळातल्या लोकांना याचा आजच्याइतका त्रास नव्हता. कारण रंग होता जलरंग, आणि जलरंगाला धरून ठेवतो डिंक. बाभळीच्याच गोतातल्या झाडाचा डिंक. डिंक वाळतो, पण पाणी लागलं की पुन्हा विरघळतो. लहानपणी वाळलेल्या रंगाच्या वड्यांवर ओला ब्रश फिरवून आपण चित्रं काढलीच आहेत की. नोझलमध्ये रंग वाळला? कोमट पाण्यात ठेवा, सुटेल. थोडक्यात, हत्यार आणि रंग एकमेकांच्या ओळखीचे होते.

*

मराठी घरांत हा एअरब्रश शिरला तो कॅलेंडरांतून आणि दिवाळी अंकांतून. रघुवीर मुळगावकर (१९१८–१९७६) हे नाव आपल्या पिढीला नसेल माहीत, पण आजीच्या देवघरातली एखादी लक्ष्मी किंवा बाळकृष्ण त्यांचा असण्याची शक्यता दांडगी. बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांची मुखपृष्ठंही त्यांनी केली. त्यांच्या चित्रांत गालावरून मानेकडे उतरणारी सावली कुठे सुरू होते आणि कुठे संपते ते बोट ठेवून दाखवता येत नाही. ही एअरब्रशची करामत.

त्यांचे समकालीन दीनानाथ दलाल (१९१६–१९७१), 'दीपावली'वाले. दोघेही मूळचे गोव्याचे. दलालांची रेषा आणि ब्रशचे फटकारे, तर मुळगावकरांची मलईसारखी छटा. दलाल मोठे की मुळगावकर, यावर आमच्या आजोबांच्या पिढीत लता-आशासारखे वाद व्हायचे. कॅलेंडर आर्ट म्हणून नाक मुरडणारे तेव्हाही होते आणि आजही आहेत. त्यांचा एक आक्षेप असतो, की फवाऱ्याने काय, यंत्रच सगळं करतं.

स्वतः एअरब्रश हातात धरून बघितला की या आक्षेपातली हवा निघून जाते. यंत्र सगळं करत असतं, तर माझ्या विमानाच्या पोटावर शिंतोडे कशाला असते? एका हाताच्या एका बोटाने हवा आणि रंग दोन्ही सांभाळायचे. खाली दाबलं की हवा, मागे ओढलं की रंग. शिवाय कागदापासूनचं अंतर आणि हात फिरवायचा वेग. यातलं एक चुकलं तरी देवीच्या गालावर डाग. आणि डाग पडला तर ब्रशने सावरता येत नाही, कारण सावरलेली जागा लगेच ओळखू येते.

*

आता आपल्या खलनायकाकडे वळू.

अ‍ॅक्रिलिक म्हणजे मुळात प्लॅस्टिक. त्याचा पाया घातला ऑटो रोम या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने, १९०१ सालच्या प्रबंधात. पण ते पाण्यात आणायला अर्धं शतक गेलं. रोम अँड हास कंपनीने १९५३ मध्ये घराच्या रंगांसाठी पाण्यातलं अ‍ॅक्रिलिक बाजारात आणलं आणि काही वर्षांतच ते चित्रकारांच्या ट्यूबमध्ये पोचलं.

यात 'पाण्यातलं' या शब्दात गोम आहे. अ‍ॅक्रिलिक पाण्यात विरघळत नाही. त्याचे अतिबारीक गोळे, साधारण एका मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाएवढे, पाण्यात तरंगत असतात. बोर्डोसारखेच. पाणी उडून गेलं की हे गोळे एकमेकांवर दाबले जातात, चेपतात आणि शेवटी मिसळून एकसंध पापुद्रा होतो. त्यावर पुन्हा पाणी ओतलं तरी गोळे वेगळे होत नाहीत. विरजण लागलेल्या दह्याचं परत दूध होत नाही, तसंच.

भिंतीवर हा गुण सोन्यासारखा. पाऊस पडला तरी रंग जात नाही. पण नोझलच्या टोकाशी काय परिस्थिती असते बघा. रंगाचा पातळसा थर सुईवर पसरलाय, त्याच्याभोवती कोरड्या हवेचा झोत सतत वाहतोय. कपडे वाळत घालायला याहून चांगली जागा शोधून सापडणार नाही! पाणी काही क्षणांत उडतं, सुईच्या टोकावर प्लॅस्टिकचा कण जमतो, त्यावर दुसरा, त्यावर तिसरा. मग फुस्स, फुस्स, फट्.

म्हणजे दोष हत्याराचाही नाही आणि रंगाचाही नाही. परत विरघळणाऱ्या डिंकाच्या जमान्यात जन्मलेलं हत्यार, आणि एकदा वाळल्यावर पुन्हा विरघळायचं नाही म्हणून मुद्दाम बनवलेला रंग, यांचं आपण लग्न लावून दिलंय. आमच्या भाषेत सांगायचं तर जुन्या सिस्टीमला नवीन डेटा फॉरमॅट. मधल्या मध्ये आपण.

एकदा हे ध्यानात आलं की त्या सगळ्या याद्यांचा अर्थ लागतो. सूत्र एकच : रंग नोझलमधून बाहेर पडेपर्यंत त्यातलं पाणी टिकलं पाहिजे.

रंग वेगळ्या वाटीत पातळ करा, एअरब्रशच्या कपात नाही. दाटपणा साधारण दुधाएवढा. वाटीच्या कडेवर रंग लावला की तो दुधासारखा खाली उतरला पाहिजे आणि मागे पातळ पडदा राहिला पाहिजे. ट्यूबमधला रंग बाटलीतल्यापेक्षा बराच घट्ट असतो, त्याला जास्त वेळ द्या.

मग गाळा. जुना नायलॉनचा पायमोजा उत्तम. रंगाचे मूळ कण नोझलच्या मानाने खूपच लहान असतात, ते तुंबवत नाहीत. तुंबवतात ते बाटलीच्या झाकणाशी वाळून आत पडलेले पापुद्रे. म्हणून प्रत्येक वेळी बाटलीचं तोंड आणि झाकण पुसायचं.

थिनर त्या रंगाचा असेल तोच वापरा. काही अ‍ॅक्रिलिकना अल्कोहोल मानवतं, तामियाचे रंग त्यातले. काही मात्र आयसोप्रोपिल अल्कोहोल पडलं की दूध फाटावं तसे फाटतात आणि नोझलमध्ये चोथा बसतो. आधी वाटीत एका थेंबावर बघा.

कपात आधी थिनरचे दोन थेंब टाका आणि मग रंग. म्हणजे सुईपाशी पहिल्यांदा जातो तो पातळ द्रव, घट्ट रंग नव्हे.

रिटार्डरचे एक-दोन थेंब चालतील. हा बहुधा ग्लायकॉलच्या जातीचा, सावकाश उडणारा द्रव असतो आणि पाण्याला धरून ठेवतो. जास्त घातला तर रंग मॉडेलवरही वाळत नाही, म्हणून थेंबच. एप्रिल-मेच्या कोरड्या दुपारी तो लागतोच. जुलैत, पावसाची झड लागलेली असताना, बऱ्याचदा न घालताही भागतं. शक्यतो उन्हाळ्यात सकाळी लवकर बसा. (रविवारी सकाळी लवकर. माहितीये, अवघड आहे. :-))

दाब पंधरा-वीस पीएसआयच्या आसपास ठेवा. रंग येत नाही म्हणून दाब वाढवत जायचा मोह होतो. पण हवा जितकी जोरात, तितकं सुईचं टोक लवकर वाळतं. दाब वाढवण्यापेक्षा रंग पातळ करा.

सुरू करताना आधी हवा, मग रंग. थांबताना आधी रंग बंद, मग हवा. आणि दर चार-पाच मिनिटांनी थिनरमध्ये भिजवलेल्या कापसाच्या काडीने सुईचं टोक हलकेच पुसा. टोकाच्या दिशेने, म्हणजे सुई वाकत नाही.

रंग बदलताना थिनर मारून कप स्वच्छ करा. काम संपलं की साधं पाणी, मग क्लीनर, मग सुई काढून पुसणं. हे सगळं रंग ओला असतानाच, चहा पिऊन आल्यावर नव्हे. वाळल्यावर पाण्याचा उपयोग नाही, मग क्लीनरमध्ये नुसतं नोझल भिजवत बसावं लागतं. आख्खा एअरब्रश बुडवू नका, आतले रबरी वायसर खराब होतात. आणि टाचणी घालू नका. तात्यांचा चौथा नियम. नोझलचं मऊ तोंड एकदा फाकलं की रेघ कायमची फिसकटली.

*

आता तुम्ही म्हणाल, एवढी कटकट कशाला? तेलातले इनॅमल रंग वापर की. ते हवेतला ऑक्सिजन घेऊन तासन्‌तास सावकाश वाळतात, सुईवर सहसा जमत नाहीत आणि टर्पेंटाइनने सुटतात.

खरंय. पण फवारणी म्हणजे रंगाबरोबर त्यातलं द्रावणही हवेत उडवणं. माझ्या वन बीएचकेत खिडकी एक, आणि फुप्फुसं दोनच. मी आठवड्यातून दोन तास रंगवतो, तेही मास्क लावून. रायगडातल्या पेणचे गणपतींचे कारखाने आठवा. तिथे मूर्तीच्या अंगावर फवाऱ्याने रंग चढतो, डोळ्यांची आखणी मात्र हाताने, ब्रशने. गणपतीच्या आधीचे महिने तिथली माणसं दिवसभर त्या तुषारांत उभी असतात. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१० मध्ये आणि पुन्हा २०२० मध्ये मूर्तींसाठी निसर्गस्नेही, पाण्यातल्या रंगांचा आग्रह धरणारी मार्गदर्शक तत्त्वं काढली. ती नदी-तलावांसाठी होती. पण पाण्यातला रंग फवारणाऱ्याच्या छातीलाही त्यातल्या त्यात बरा. (त्यातल्या त्यात म्हणतोय. रंगाचे कण आत जातातच, मास्क हवाच.)

म्हणून नोझल तुंबणं ही मला आता त्या बऱ्या हवेची किंमत वाटते. त्रासाची बेरीज तेवढीच राहते. आधी ती छातीत जमायची, आता सुईच्या टोकावर जमते, आणि तिथे ती निदान पुसता येते.

अजून एक. मुळगावकरांच्या चित्रात छटा दिसते, धुतलेला एअरब्रश दिसत नाही. जुन्नरच्या काळ्या जंबो द्राक्षांचा घड मॉलमध्ये चकाकतो, गाळायचं फडकं दिसत नाही. आपल्या हापिसातही नवीन फीचरसाठी केक कापला जातो. रात्री बॅकअप नीट झाला म्हणून केक कापल्याचं मी अजून पाहिलेलं नाही. तुंबू न देणं हे कामच असं, की जमलं तर दिसत नाही.

तात्यांना हे सगळं फोनवर सांगितलं. फ्रान्स, डिंक, प्लॅस्टिकचे गोळे वगैरे. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "ते समदं ठीक हाये, पण गाळतोस का?"

गाळतो, तात्या.